तुलूंचा वर्ग आणि वीस वर्षं दाराबाहेर राहिलेली फ्लूट

पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या सरकारी संगीत विद्यालयात, १८३९ च्या अखेरीस एक समिती बसली. तिच्यापुढचा विषय वरवर पाहता किरकोळ होता: फ्लूटचा एक जादा वर्ग काढायचा की नाही. वर्ग नव्या बनावटीच्या फ्लूटचा होता, शिकवायला तयार असलेला माणूस संस्थेतलाच होता आणि संचालकपदी लुइजी केरुबिनी यांच्यासारखा दबदब्याचा संगीतकार होता. प्रस्ताव बारगळला. तेव्हा नाकारलं गेलेलं वाद्य आज मुंबई-गोव्यापासून टोकियोपर्यंत कुठेही ‘वेस्टर्न फ्लूट’ म्हणून विद्यार्थ्याच्या हातात दिलं जातं. पण ज्या संस्थेने पुढे त्याचं नाव जगभर केलं, तिथे त्याला १८६० पर्यंत प्रवेश मिळाला नाही.

ही गोष्ट सहसा ‘हट्टी म्हातारा मास्तर विरुद्ध नवं तंत्र’ अशी सांगितली जाते. ऐकायला ती छान वाटते, पण तपशील पाहू लागलं की विसविशीत होते. म्हणून आधी वाद्याकडेच पाहू.

हातात काय होतं

कॉन्झर्व्हेटरीत शिकवली जाणारी फ्लूट लाकडी होती. डोक्याकडे नळी सरळ, पुढे निमुळती होत गेलेली. बोटांसाठी सहा भोकं आणि मधल्या सुरांसाठी धातूच्या चाव्या. आपली बासरी वाजवणाऱ्याला हिची गोम चटकन कळेल. सहा भोकांवर एक सप्तक नीट बसतं, पण त्यामधले सूर हवे असले की कसरत सुरू होते. आपण शुद्ध मध्यमासाठी पहिलं भोक अर्धं झाकतो, कोमल गंधार, कोमल धैवत अर्ध्या बोटाने काढतो. मींड हा आपल्या वादनाचा जीवच असल्याने ते अर्धं बोट आपल्याला अडचण वाटत नाही. उलट त्यातच गंमत असते. ऑर्केस्ट्रात मात्र तेच सूर सुटे, जलद आणि कुठल्याही पट्टीत लागतात. जुन्या फ्लूटवर त्यासाठी वरचं एक भोक उघडं ठेवून त्याच्या खालचं झाकायचं, अशी आडवळणाची बोटं असत. त्यातून निघणारा सूर दबका यायचा. एक सूर खणखणीत, त्याच्या शेजारचा घुसमटलेला. चाव्या वाढवल्या तर सूर सुधारत, पण बोटांची धावपळ वाढे. चांगला वादक म्हणजे हा सगळा उंचसखलपणा ऐकणाऱ्याला जाणवू न देणारा. हेच तर वर्गात शिकवलं जाई.

म्युनिकच्या थेओबाल्ड बोएम यांनी ही रचना मुळापासून बदलली. ते सोनाराच्या घरातले, स्वतः सोनारकाम शिकलेले आणि दरबारी वाद्यवृंदात फ्लूट वाजवणारे. म्हणजे कान आणि हात दोन्ही तयार. १८३१ मध्ये लंडनला त्यांनी चार्ल्स निकल्सन यांचं वादन ऐकलं. निकल्सन यांच्या फ्लूटची भोकं मोठी होती आणि आवाजही तसाच भरदार. आपल्याकडून तो आवाज निघणार नाही हे बोएम यांना तिथेच कळलं. निकल्सनना ऐकलं नसतं तर माझी फ्लूट बहुधा झालीच नसती, असं त्यांनी म्हातारपणी पत्रात लिहून ठेवलं आहे.

१८३२ च्या नमुन्यात त्यांनी भोकं बोटांच्या सोयीने पाडली नाहीत, सूर जिथे नीट उमटतो तिथे पाडली, आणि मोठी पाडली. आता बोटं पोचेनात. त्यावरचा त्यांचा तोडगा पाहण्यासारखा आहे. भोकाभोवती एक धातूचं कडं. बोट भोकावर पडलं की कडंही दाबलं जातं, कडं बसवलेली दांडी नळीला समांतर फिरते आणि चार बोटं अंतरावरचं, हाताला न पोचणारं दुसरं भोक झाकणीने मिटतं. एका बोटात दोन कामं. जुन्या फ्लूटवर चाव्या एरवी मिटलेल्या असत, इथे बहुतेक उघड्या. त्यामुळे प्रत्येक सुराला मोकळी वाट मिळाली आणि दबके सूर जवळपास संपले. किंमत एवढीच की दहा वर्षं घोटलेली बोटं विसरून नवी शिकायची. वादकाला ही किंमत म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

एकाच माणसाच्या हातात सगळ्या किल्ल्या

नव्या वर्गाला विरोध होता तो फ्लूटचे प्राध्यापक जाँ-लुई तुलू यांचा. जन्म १७८६, तालीम याच कॉन्झर्व्हेटरीत. संस्था १७९५ ची, फ्रेंच क्रांतीनंतरच्या धामधुमीतली. नॅशनल गार्डच्या बँडमधून ती उभी राहिली, म्हणून सुरुवातीला तिथे व्हायोलिनपेक्षा क्लॅरिनेटचे शिक्षक जास्त होते. फौजेला फुंकून वाजवणारे हवे होते. वर्षाच्या शेवटी स्पर्धा-परीक्षा व्हायची आणि तिच्यातलं ‘पहिलं बक्षीस’ हीच खरी पदवी. ते मिळालं की ऑर्केस्ट्राचं दार उघडायचं. तुलू यांनी १८०० सालीच पहिल्या बक्षिसाचं वादन केलं होतं, पण पोर फार लहान म्हणून ते दिलं गेलं नाही. पुढच्या वर्षी मिळालं. नंतर बूर्बाँ राजे परत आले तेव्हा तुलू यांची राजकीय मतं आड आली आणि प्राध्यापकपद जोसेफ गिल्लू यांच्याकडे गेलं. तुलू यांना ते १८२९ मध्ये लाभलं. दार बंद होणं म्हणजे काय हे त्यांनी स्वतः भोगलं होतं, हे विसरू नये.

आता इथे पाणी मुरतं. तुलू प्राध्यापक होते, ऑपेराचे प्रमुख फ्लूटवादक होते, वर्गात वापरायचं पद्धतीपुस्तक त्यांनी लिहिलेलं होतं, परीक्षेला लागणाऱ्या रचना वर्षानुवर्षं बहुतांशी त्यांच्याच असत, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा फ्लूट बनवण्याचा कारखाना होता. १८३१ पासून जाक नोनाँ हे त्यांचे भागीदार. त्या फ्लूटवर नाइटिंगेल पक्ष्याचा छाप असे. ‘ल रोसिन्योल’ या ऑपेरातल्या ज्या फ्लूटच्या तुकड्याने तुलू पॅरिसभर गाजले त्याची ती आठवण. वर्गात येणारा मुलगा मास्तरांची फ्लूट घेणार, मास्तरांच्या पुस्तकातून शिकणार आणि मास्तरांची रचना वाजवून पास होणार.

आपल्याकडेही गुरूने सांगितलेल्या कारागिराकडूनच बासरी घ्यायची पद्धत आहे आणि तिच्यात काही वावगं नाही. नवशिक्याला सुरात असलेली बासरी ओळखता येत नसते, कोणीतरी फुंकून बघून द्यावी लागते. पण गुरूच विक्रेता आणि गुरूच परीक्षक झाला की वाद्याबद्दलचं त्याचं मत निव्वळ मत राहत नाही.

समितीपुढचा दुसरा पक्ष

नव्या फ्लूटचा वर्ग मागणारे व्हिक्टर कोश हे तुलू यांच्याच हाताखाली दुय्यम वर्ग घेत. १८३८ मध्ये त्यांनी जुन्या आणि बोएम फ्लूटची तुलना करणारी पुस्तिका छापली होती. त्याच वर्षी ललितकला अकादमीनेही नव्या फ्लूटला अनुकूल अहवाल दिला होता. विद्वानांचा शेरा हाती असूनही कोश यांचं घोडं अडलं.

कोशही काही निरिच्छ नव्हते. कारागीर ऑग्युस्त ब्युफे यांच्याबरोबर त्यांनी बोएम फ्लूटमध्ये स्वतःच्या सुधारणा केल्या होत्या आणि त्या फ्लूटचं पद्धतीपुस्तकही त्यांना खपवायचं होतं. शिवाय मूळ कल्पना बोएमची नव्हे, फ्रान्सचा राजा शार्ल दहावा याच्या स्विस गार्डमधले कॅप्टन गॉर्डन यांची, असा वाद त्यांनी उभा केला. वर्गासाठी ज्या वाद्याची वकिली करायची त्याच्याच निर्मात्यावर चोरीचा आळ घ्यायचा, हा डावपेच मला आजतागायत समजलेला नाही. संगीतक्षेत्रातल्या भाऊबंदकीला देशाची सीमा नसते एवढंच त्यावरून दिसतं. कोश पुढे काही वर्षांतच कॉन्झर्व्हेटरीतून बाहेर पडले.

तुलूंचं म्हणणं

कारखाना बाजूला ठेवून तुलूंचा युक्तिवाद ऐकला तर तो उडवून लावण्यासारखा नाही. त्यांच्या पुस्तकात तो सापडतो. फ्लूटचा आवाज हळू वाजवताना मऊ आणि जोरात वाजवताना भरलेला हवा. नव्या वाद्याचा सूर बारीक, गोलाई नसलेला, ओबो या फुंकवाद्याच्या फार जवळ जाणारा आहे. म्हणजे फ्लूटचा फ्लूटपणाच जातो. सगळे सूर सारखे झाले हा बोएमच्या दृष्टीने विजय होता. तुलूंच्या कानाला तोच तोटा वाटत होता.

याहून मोलाचा एक तपशील त्यांच्या बोटांच्या तक्त्यांत आहे. एकाच सुरासाठी ते संदर्भाप्रमाणे वेगवेगळी बोटं देतात. एफ-शार्प सूर जी कडे जाणार असेल, म्हणजे जी हा षड्ज आणि एफ-शार्प त्याचा निषाद असेल, तर तो जरा चढा घ्यायचा आणि त्याची बोटं निराळी. निषाद षड्जाकडे ओढला जातो, तेव्हा तो नेहमीच्या जागेवर ठेवून चालत नाही, हे आपल्या कुठल्याही गायकाला पटेल. पेटीवर हेच करता येत नाही म्हणून आपल्याकडे पेटीविरुद्ध किती रान उठलं होतं! आकाशवाणीवर पेटीला १९४० पासून काही दशकं बंदी होती. तुलूंचा आक्षेप त्याच जातीचा होता. बारा सूर समान करून ठेवणाऱ्या यंत्रणेत असला सूक्ष्म भेद वादकाच्या बोटातून निघून ओठावर जाऊन बसतो. बोएम फ्लूटवरही सूर चढवता-उतरवता येतोच, पण तो फुंकेने. जुन्या वर्गात ती विद्या बोटांत होती.

माझ्या मते तुलू आवाजाबद्दल प्रामाणिक होते आणि तरीही त्यांनी समितीत आपलं वजन टाकायला नको होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

शेजारच्या खोलीत

तुलूंच्या धंद्यातल्या हितसंबंधाने किती फरक पडला, हे मोजायला एक माप याच इमारतीत सापडतं. इयासेंत क्लोझे हे क्लॅरिनेटचे प्राध्यापक. बोएमची कडी आणि दांड्या त्यांनी ब्युफे यांच्या मदतीने क्लॅरिनेटवर आणल्या. तेच ब्युफे, ज्यांनी कोशना साथ दिली होती. १८३९ मध्ये ते क्लॅरिनेट प्रदर्शनात मांडलं गेलं, १८४३ मध्ये क्लोझे यांचं पद्धतीपुस्तक आलं, १८४४ मध्ये पेटंट. क्लॅरिनेटवर बोटांची उलथापालथ फ्लूटपेक्षा कमी नव्हती. पण इथे प्राध्यापक स्वतःच नव्या वाद्याचा बाप होता. वीस वर्षांचं भांडण झालंच नाही. आजही जर्मनी-ऑस्ट्रिया सोडून बहुतेक ठिकाणी क्लॅरिनेटचा विद्यार्थी ‘बोएम पद्धती’च शिकतो, ती ही.

सॅक्सोफोनचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १८५७ मध्ये फौजी विद्यार्थ्यांसाठी सॅक्सोफोनचा वर्ग निघाला. शिकवणार कोण, तर अॅडॉल्फ सॅक्स, वाद्याचे निर्माते आणि विक्रेते. १८७० च्या युद्धात वर्ग बंद पडला. सॅक्स संस्थेतून बाहेर पडले तसा त्यांचा वर्गही गेला. कॉन्झर्व्हेटरीत सॅक्सोफोन परतला तो १९४२ मध्ये, सॅक्सोफोनवादक मार्सेल म्यूल यांच्याबरोबर.

म्हणजे हितसंबंध दोन्हीकडे होते. एका खोलीत त्यांनी बदल अडवला, दुसऱ्या खोलीत पुढे ढकलला. कुठलं वाद्य चांगलं हा निवाडा कॉन्झर्व्हेटरीने असा कधी दिलाच नाही. वर्ग ज्याच्या ताब्यात, वाद्य त्याचं.

आपल्या बासरीच्या इतिहासात याच्या नेमकं उलट घडलं. पन्नालाल घोष यांनी लांब, खर्जाची बासरी मैफिलीत आणली आणि तीव्र मध्यमासाठी सातवं भोक पाडलं. ते बरीच वर्षं मुंबईत होते, चित्रपटांना संगीत देत होते. त्या सातव्या भोकासाठी त्यांना कुठल्या विद्यापीठाची मंजुरी लागली नाही, आणि कोणी ते सगळ्यांवर लादलंही नाही. म्हणून आजही काही वादक सात भोकांची बासरी वापरतात, काही सहा भोकांची, आणि दोन्ही घराण्यांचे शिष्य सुखाने नांदतात. कॉन्झर्व्हेटरीत हे शक्य नव्हतं. परीक्षा एक, बक्षीस एक, म्हणून वाद्यही एक.

मधली वीस वर्षं

या काळात शहर आणि वर्ग यांची फारकत होत गेली. लुई दोरुस यांचं शिक्षण जुन्या फ्लूटवर झालं होतं. पहिलं बक्षीस त्यांना १८२८ मध्ये मिळालं होतं. तिशीच्या आत त्यांनी सगळं सोडून बोएम फ्लूट धरली आणि १८३५ मध्ये ते ऑपेरात रुजू झाले. तुलूही तिथेच. एकाच ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं दोन पद्धतींच्या फ्लूट शेजारी वाजत होत्या आणि प्रयोग व्यवस्थित पार पडत होते. दोन्ही आवाज एकत्र नांदू शकत नाहीत हा मुद्दा निदान ऑपेरापुरता तरी निकालात निघाला होता.

१८४७ मध्ये बोएम यांनी दुसरा घाव घातला. नळी सरळ दंडगोल, निमुळतेपणा डोक्याकडे, आणि साहित्य लाकडाऐवजी धातू. आजची फ्लूट ती हीच. फ्रान्समधले हक्क गोदफ्र्वा आणि लुई लो यांच्या कारखान्याने घेतले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात तिचा गौरव झाला. तिथल्या वाद्यांच्या परीक्षक मंडळात संगीतकार बर्लिओझ होते. त्याच सुमारास तुलू आपली ‘सुधारित फ्लूट’ पुढे करत होते, जास्त चाव्यांची, जुन्या बोटांना न दुखावणारी. ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. केरुबिनी १८४२ मध्ये गेले, ऑबेर संचालक झाले, तरी फ्लूटच्या वर्गाचं पान हललं नाही.

विद्यार्थ्याची कोंडी इथे नीट दिसते. नवी फ्लूट शिकायची तर खासगी शिकवणी लावायची आणि पहिल्या बक्षिसावर पाणी सोडायचं. बक्षीस हवं तर उद्याच्या बाजारात मागे पडणारं वाद्य शिकायचं. बोर्दोचा पॉल ताफानेल १८५८ मध्ये पॅरिसला आला तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो तुलूंच्या वर्गात गेला नाही. दोरुस यांच्याकडे खासगीत शिकत राहिला.

१८६०

तुलू १८५९ च्या अखेरीस निवृत्त झाले. वय त्र्याहत्तर. नवीन समिती नाही, नवा अहवाल नाही, कोणाचं मतपरिवर्तन नाही. १८६० मध्ये दोरुस प्राध्यापक झाले आणि त्यांच्याबरोबर बोएम फ्लूट वर्गात आली. ताफानेल लगेच दाखल झाला आणि त्याच वर्षी पहिलं बक्षीस घेऊन बाहेर पडला. कॉन्झर्व्हेटरीला फ्लूट पुरवण्याचं कामही लुई लो यांच्याकडे गेलं.

दार जसं एकीकडे उघडलं तसं दुसरीकडे मिटलं. ज्यूल देमर्समान हा तुलूंचा सर्वांत लखलखीत शिष्य. बाराव्या वर्षी, १८४५ मध्ये पहिलं बक्षीस. त्याने जुनी फ्लूट सोडली नाही आणि तेच त्याच्या प्राध्यापकपदाच्या आड आलं. १८६६ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी तो वारला. त्याच्या रचना आज बोएम फ्लूटवर वाजवल्या जातात.

नव्या वर्गातही एक तडजोड झाली. तिची जागा डाव्या हाताची करंगळी. बोएमच्या मूळ रचनेत जी-शार्पची चावी एरवी उघडी असे आणि करंगळीने ती मिटवायची. जुन्या फ्लूटवर याच्या नेमकं उलट: चावी मिटलेली, हवी तेव्हा करंगळीने उघडायची. दोरुस यांनी जुन्या सवयीला मानवेल अशी जी-शार्पची चावी करून घेतली. पुढे मिटलेल्या जी-शार्पचाच, पण वेगळ्या बांधणीचा प्रकार सर्वमान्य झाला, जो ब्युफे आणि कोश यांच्या सुधारणांत होता. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बोएमची उघडी चावी सरस, असं म्हणणारे आजही आहेत. पण अख्खी फ्लूट बदलली आणि एक करंगळी बदलायला कोणी तयार झालं नाही.

परीक्षेच्या कागदाला तर सर्वांत जास्त वेळ लागला. दोरुस आणि त्यांच्यानंतरचे आल्तेस यांच्या काळातही स्पर्धेला तुलूंच्याच रचना पुन्हा पुन्हा लावल्या जात होत्या. जुन्या फ्लूटच्या बोटांसाठी लिहिलेलं संगीत, वाजवायचं लो यांच्या नव्या फ्लूटवर. ताफानेल स्वतः प्राध्यापक झाला १८९३ मध्ये, तेव्हा कुठे हे बदलू लागलं. वर्गात बाख आणि मोझार्ट आले, आणि त्या काळच्या मोठ्या संगीतकारांकडून परीक्षेसाठी रचना मागवणं सुरू झालं. १८९८ साठी गाब्रिएल फोरे यांनी फॅन्टसी लिहिली, १९०२ साठी सेसिल शामिनाद यांनी कॉन्सर्टिनो, १९०४ साठी जॉर्ज एनेस्कू यांनी ‘कांताबिले ए प्रेस्तो’. आज कुठल्याही संगीत महाविद्यालयात फ्लूटच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात या तिन्ही रचना असतातच.